येणारा शब्द

साओ पाउलोतल्या पोलीस ठाण्यांत खेटे घालून थकल्यावर बेल्मीरोने आपल्या छापखान्यात एकच शब्द एका ओळीत पुन्हा पुन्हा जुळवला. त्याची बेपत्ता लेक जुरेमा जाताना उंबऱ्यावरून म्हणाली होती तोच: ‘येते’.

पहिलं अक्षर कोपऱ्यात मुंगीएवढं, मग मोठं, मग त्याहून मोठं, शेवटचं तळहाताएवढं. कुणी लांबून चालत दारात यावं तसं.

पहिला कागद निघाला, तेव्हा शेवटचं अक्षर नखाएवढंच उमटलं होतं.

शाई लावणारी त्याची बायको ओदेत वाकून म्हणाली, “अहो, आपली जुरेमा यायचीय ना? ही तर चाललीय.”

त्याने अक्षरांचे शिशाचे खिळे तपासले. सगळे जागच्या जागी, घट्ट. दुसऱ्या कागदावर सगळी अक्षरं मुंगीएवढी झाली. तिसऱ्यावर कोपऱ्यात नुसता ठिपका.

बेल्मीरोने दोरीवर वाळत घातलेले आधीचे कागद पाहिले. त्यांच्यावरही आता ठिपकाच होता, आणि त्याच्या डोळ्यांदेखत तो बारीक होत होता.

“अगं, बघत काय बसलीस? हाक मार तिला.”

ओदेतने शाईचे हात सावकाश फडक्याला पुसले.

“कुणाला हो?”