चौदा नंबरची पेटी

"तो रॉड टाकू नका," असं ओरडायला पॉलिशवाल्याने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. ऑपरेशनच्या खोलीचं दार बंद झालं होतं. त्याच्या ताईला आत नेऊन दहा मिनिटं झाली होती, आणि तिच्या मागोमाग गेलेल्या ट्रॉलीवर त्याच्याच कारखान्याची निळी पेटी होती; तिचा नंबर मात्र त्याला दिसला नव्हता.

मांडीच्या मोडलेल्या हाडात टाकायचे हे रॉड तो रोज चमकवायचा. कढत खारट पाण्यात रॉड सोडायचा, वीज चालू करायची, की त्याच्याभोवती वाफेचं कवच धरायचं आणि जांभळा उजेड पेटायचा. चार मिनिटांत आरसा. गेल्या आठवड्यात एका रॉडचा चिमटा सैल राहिला. ठिणगी उडाली आणि स्क्रूच्या भोकाच्या कडेला सुईच्या टोकाएवढा खड्डा पडला. माणूस चालायला लागला, की रॉड तिथूनच तडकणार. असा माल लाल डब्यात टाकायचा, हा नियम. पण त्या महिन्यात डब्यात त्याचेच पाच रॉड पडले होते आणि फोरमन त्याला सगळ्यांदेखत 'लालडबा' म्हणू लागला होता. सहाव्यांदा हसं करून घ्यायला मन धजेना. त्याने रॉड आणखी दोनदा बुडवला. खड्डा गेला नाही, नुसता लखलखीत झाला. तपासणाऱ्या बाईंची नजर घारीसारखी, पण त्याही फसल्या. रॉड चौदा नंबरच्या पेटीत गेला.

"अरे, तू का असा पांढराफटक पडलास?" भाऊजींनी विचारलं. "साधं ऑपरेशन आहे म्हणाले ना." स्वतः मात्र ते ताईच्या चपला मांडीवर घेऊन बसले होते. खाली ठेवा म्हटलं तरी ऐकत नव्हते.

बोललो तर नोकरी गेली, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. नाही बोललो तर काय, हे त्याहून स्वच्छ दिसत होतं. तो उठला आणि दारावर दोन्ही हातांनी थापा मारू लागला. डॉक्टर बाहेर आले, तसं त्याने भाऊजींसमोरच सगळं भडाभडा सांगून टाकलं.

डॉक्टर तसेच आत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात फोन होता.

"आमची पेटी बारा नंबरची आहे. चौदाची काल दुसऱ्या हॉस्पिटलला गेली. तिथेही आज ऑपरेशनं आहेत." आणि नंबर लावत ते घाईघाईने निघून गेले.

पॉलिशवाला मटकन बाकावर बसला. त्याच्या डोळ्यांना धार लागली.

"सुटलो, भाऊजी," तो म्हणाला. "आपली ताई वाचली."

भाऊजी चिडतील, निदान हुश्श तरी करतील, असं त्याला वाटलं होतं.

"आणि तिथे दाराबाहेर कोण बसलंय?" त्यांनी विचारलं.