बिनआवाजाची गाडी

“काचा वर घे,” बद्रीनाथ म्हणाले आणि पुष्पाबाईंनी नाइलाजानं बटण दाबलं.

काचा वर गेल्या. घनसावंगीची गल्ली, निरोप द्यायला आलेल्या शेजारणी, कुणाच्या तरी दारात धडधडणारा ट्रॅक्टर, सगळं बाहेर राहिलं. गाडी सुरू झाली की नाही तेही कळेना. आता नागपूरला लेकीचं घर येईपर्यंत या बंद डबीत दोघंच, आणि आवाज म्हणून कसला नाही. लपायचं तरी कुठं?

पुष्पाबाईंना कमी ऐकू यायचं. ही गोष्ट त्यांनी जगापासून, आणि जगाआधी नवऱ्यापासून, मोठ्या हिकमतीनं लपवली होती. समोरच्याच्या ओठांकडे बघायचं. तो हसला की हसायचं, त्यानं मान हलवली की आपणही हलवायची. गल्लीतल्या सोनूबाईचे कान गेले तेव्हा लोक तिच्याशी कसे ओरडून बोलायचे आणि तिची पाठ वळली की कसे हसायचे, ते त्यांनी पाहिलं होतं. तसलं जिणं त्यांना नको होतं.

या लपवाछपवीत त्यांची खरी साथीदार होती नवऱ्याची जीप. बद्रीनाथांनी उभी हयात घनसावंगी ते तीर्थपुरी सीटा भरून जीप चालवली. तिचा खडखडाट असा, की चांगल्या कानाचा माणूसही शेजारच्याला दोनदा विचारायचा. तिच्यात बसलं की पुष्पाबाई बिनघोर. सगळेच बहिरे, मग आपल्याला कसली लाज!

एकदाच घात झाला. जीप चालवता चालवता बद्रीनाथांना फोन आला. ऐकून झाल्यावर रस्त्यावरची नजर न काढता ते म्हणाले, “आक्का गेली.” आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. आईमागं तिनंच त्यांना लहानाचं मोठं केलेलं. पुष्पाबाईंना ऐकू आलं, आक्का आली. त्या हसून म्हणाल्या, “बरं झालं. मी वाटच पाहून राह्यले होते.” जीप घराकडे न वळता आक्काच्या गावाकडे वळली, तरी पुष्पाबाईंना उमगलं नाही. दारात जमलेली माणसं दिसली, तेव्हा कुठं कळलं. खडखडाटात आपलं बोलणं नवऱ्याला ऐकू गेलं नसेल, एवढ्या एका आशेवर त्यांनी पुढचे दिवस काढले.

आक्काचं तेरावं झालं आणि बद्रीनाथांनी जीप विकली. मग वापरलेल्या गाड्या बघणं सुरू झालं. पुतण्या राधेश्याम सोबत असायचा आणि घरी येऊन काकांच्या नकला करायचा. टायर बघणं नाही, इंजिन बघणं नाही. काकूला शेजारी बसवायचं, काचा वर घ्यायच्या, गाडी सुरू करायची आणि समोर बघत काहीतरी फालतू विचारायचं. अशा दोन चांगल्या डिझेल गाड्या त्यांनी नापसंत केल्या. तिसरी ही, विजेवरची, जालन्याच्या एका डॉक्टरांनी वापरून विकायला काढलेली. “सीट टोचती का?” काकांनी विचारलं. “न्हाई, मऊ हाय,” काकू म्हणाल्या. झालं, ठरलं. बॅटरी थकली आहे, ही एका दमात नागपूर गाठायची नाही, असं राधेश्याम परोपरीनं सांगत राहिला. काका म्हणाले, जल्दी कुणाला आहे?

आणि आता ते नागपूरला निघाले होते. पुष्पाबाईंनी सोपी युक्ती काढली होती. झोपेचं सोंग. जालना मागं पडायच्या आतच त्यांनी डोळे मिटून घेतले.

गाडी महामार्गाला लागली. बऱ्याच वेळानं त्यांच्या कानावर काहीतरी आलं. आधी त्यांना भासच वाटला. मग कळलं, बद्रीनाथ गुणगुणत होते. आक्का पाळण्यापाशी म्हणायची ती चाल. मधेच विसरायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. गाडी चालवताना हा माणूस गुणगुणतो, हे इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना ठाऊकच नव्हतं. मिटल्या पापण्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पदरानं टिपलंही नाही.

मेहकरच्या पुढं एका पंपावर गाडी चार्जिंगला लावली. बद्रीनाथ चहा घेऊन आले, आत बसले, दार ओढून घेतलं. बाहेर ट्रकांची ये-जा चालली होती. आत चहाचा फुरका तेवढा ऐकू येत होता.

“अहो,” पुष्पाबाई म्हणाल्या, “मला कमी ऐकू येतं. आक्का गेल्या तवा मी...”

बद्रीनाथांनी मान वळवली नाही. वळवली असती तर पुष्पाबाईंना ओठ वाचता आले असते. ते समोरच्या काचेकडे बघत राहिले.

“म्हाईत हाय मला. तवाच कळलं.”

“मंग इतके दिवस बोलला का न्हाईत?”

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. “घरी काय अन् जीपमधी काय, वरडून बोलावं लागलं असतं. साऱ्या गल्लीला कळलं असतं. मला निस्तं तुलाच सांगायचं होतं.”

हे ते इतकं हळू बोलले, की मागच्या सीटवर कुणी असतं तर त्याला कळलं नसतं. पुष्पाबाईंना शब्द न् शब्द ऐकू आला.