फोन कसा कापावा?

आदिनाथ गावाकडं, धावड्याला राहणाऱ्या आईच्या फोनात रोज दीड जीबीचं रिचार्ज मारायचा, तरी दुपारच्या आत डेटाचा फडशा! संध्याकाळी तिला बघायचं म्हटलं, की फोन मुका. आज सकाळीच त्यानं जालन्याच्या खोलीतून व्हिडिओ कॉल लावून तिला धरलं.

"आये, आपून पाचच मिन्टं बोलतो. बाकीचा डेटा कोंबड्यानं खाल्ला का?"

"तू ठेवून कामाला पळतो. मंग तुझ्या घरमालकीणबाई बोलत बसतात. पोरगा त्यांच्या खोलीत राह्यतो, त्यांचा फोन आपून कसा कापावा?"

"मालकीण? ती तर पुण्याला असते! इथं मी एकटाच हाय."

"एकटा कसा? ह्या काय, तुझ्या मागं. हसून राह्यल्यात."

आदिनाथनं मागं न बघताच फोन कापला. पडदा काळा झाला, तरी आतून आईचा आवाज आला, "गेला पोरगा. हां बाई, बोला."