केकचे निम्मे पैसे

हळद लागलेली चैताली मांडवात बसली होती. बालविवाहाच्या तक्रारीवरून आलेल्या मॅडमना तिचे चुलते सांगत होते, “पोरगी अठराची हाय, लिहून घ्या.” शाळेला निघालेली मी दाराशीच घुटमळले. मागच्या महिन्यात चैतालीच्या वाढदिवसाला आणलेल्या केकचे निम्मे पैसे न्यायला तिनंच आज बोलावलं होतं. पण लग्नघरी दीडशे रुपये मागायचे कसे? “कशाचे पैसे पाहिजेत गं तुला?” चैतालीनंच विचारलं. “मोठ्यानं सांग की.” चुलत्यांनी माझ्याकडं रोखून पाहिलं. ते मुकादम, माझे आईवडील त्यांच्याच टोळीत ऊस तोडायला जाणार होते. “केकचे,” मी म्हणाले. पुढच्या वर्षी एकचा आकडा परत चालेल म्हणून केकवरच्या मेणबत्त्या मी कंपासपेटीत जपल्या होत्या. त्या मॅडमपुढं ठेवल्या. एक आणि सहा. “तुझे पैसे,” चैताली म्हणाली, “उद्या शाळेत देते.”