आबांच्या खिशातला मोबाइल

घरात मोबाइल एकच, आणि तो दिवसभर आबांच्या खिशात मेंढरांमागं हिंडायचा. म्हणून मानवतला ज्या ऑनलाइन सेंटरवर दीपिका कामाला जायची, तिथल्या कॉम्प्युटरवर तिनं त्या मोबाइलचे मेसेज जोडून घेतले होते. त्या दुपारी तिनं तिथूनच मैत्रिणीला लिहिलं, ‘रविवारी बघायला येणारं स्थळ मला नको. पण आबांना कोणत्या तोंडानं सांगू?’ लगेच मैत्रिणीचं उत्तर आलं आणि तेव्हा कुठं दीपिकाच्या ध्यानात आलं. तिकडं रानात आबांच्या खिशातही ते वाजलं असणार. तिनं घाईघाईनं सगळे मेसेज पुसून टाकले.

संध्याकाळी मेंढरं कोंडून आबा ओट्यावर टेकले. दीपिकानं आधी मोबाइल बघितला. मेसेज तिथूनही पुसले गेले होते. तिचा जीव भांड्यात पडला.

“रविवारचे पाहुणे येणार न्हाईत,” आबा पटका सोडत म्हणाले. “मीच नगं म्हणून कळवलंय.”

“का?”

“अक्षरं जुळवून वाचायला मला लय वेळ लागतो, माय. पर तू पुसायच्या आधी ‘नको’पर्यंत पोचलो व्हतो.”