मास्तरांच्या एकशे चौदा तबकड्या

खुर्ची मुद्दाम खिडकीसमोर ठेवली होती, उजेडाकडे तोंड करून. शरदचंद्र मास्तरांनी पाहुण्याला तिच्यातच बसवलं.

"इथून कव्हरं चांगली दिसतात," ते म्हणाले.

ज्ञानदीप बसला. शहरात नव्याने निघालेल्या एफएम स्टेशनचा तो प्रोग्राम मॅनेजर. वय तिशीच्या आत, गळ्यात ओळखपत्र. देशात एव्हाना सगळं खुलं झालं होतं, मास्तर जिथे विणकामावर देखरेख करत त्या कापडमिलचं गेट तेवढं सोडून. ते नऊ वर्षांपूर्वी 'तात्पुरतं' बंद झालं होतं आणि फलकावरचा तो शब्द अजून कोणी पुसला नव्हता.

स्टेशनला रविवारी सकाळी जुन्या इंग्रजी रॉकचा कार्यक्रम करायचा होता. त्यासाठी जाणकार माणूस हवा होता. आणि राजेंद्र नगरात मास्तरांच्या घरी एकशे चौदा एलपी होत्या, बहुतेक प्रोग्रेसिव्ह रॉकच्या. काही मिलच्या साचेखात्यात, म्हणजे विणकाम विभागात, नवे माग बसवायला आलेला विलायती इंजिनिअर मागे ठेवून गेला होता, काही महू छावणीच्या बंगल्यांतल्या लिलावात मिळाल्या होत्या. एकेक गाणं वीस मिनिटांचं. तेवढ्या वेळात इंदूरचा माणूस राजवाड्यावरून सराफ्यात चालत जातो, कचोरी खातो आणि परत येऊन तिला नावं ठेवतो.

हे काम मिळालं नाही, तर मास्तरांना बिऱ्हाड मोडून पुण्याला मुलाकडे जावं लागणार होतं. जयेशने प्रेमाने बोलावलं होतं. फक्त 'रेकॉर्डी आणू नका, जागा नाही' एवढं पत्रात दोनदा लिहिलं होतं. म्हणून गेला महिनाभर मास्तर रोज एक एलपी काढत, कव्हर वाचत, लावत आणि बाजू संपेपर्यंत सुईकडे बघत बसत. त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई त्याला बोर्डाची परीक्षा म्हणत. आताही बोलण्यात व्यत्यय नको म्हणून त्या स्वयंपाकघरात कान देऊन बसल्या होत्या.

"काका, मुंबईच्या साहेबांची एकच कंडिशन आहे," ज्ञानदीप म्हणाला. "माणसाला कान पाहिजे. बाकी सब चलेगा."

"बरोबर आहे साहेबांचं," मास्तर म्हणाले.

ज्ञानदीप उठून कपाटापाशी वाकला. "या पुसता कशाने?" त्याने पाठमोऱ्यानेच विचारलं.

"जर्मन आहेत त्या," मास्तर म्हणाले. "इंग्रजांपेक्षा जर्मन जास्त लांबण लावतात."

ज्ञानदीप वळला. क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिला. मग पुन्हा खुर्चीत येऊन बसला.

"मास्तर, माझे बाबापण तुमच्याच साचेखात्यात होते. नथू तेलवाला."

"अरे भिया, नथूचा मुलगा तू? मग आल्या आल्या सांगायचं ना."

"लहानपणी वाटायचं, बाबा आमच्यावर चिडलेत. जेवताना नुसते ओठ हलवायचे. आई म्हणायची, हे घर आहे, खातं नाही, जरा आवाज काढा."

"चारशे माग एका वेळी धडधडायचे. तिथे कोणाचा आवाज पोचणार? आम्ही सगळे ओठांवरच बोलायचो. मॅनेजरला शिव्या द्यायच्या त्यासुद्धा त्याच्या शेजारी उभं राहून, हसत. नथू बरा आहे?"

"मजेत. टीव्ही अख्ख्या मोहल्ल्याला ऐकवतात."

मास्तर उठले, एक एलपी काढली, सदऱ्याच्या बाहीने उगाच पुसली आणि लावली. सुई टेकली.

ज्ञानदीप ॲम्प्लिफायरपाशी गेला, बटण फिरवलं आणि खुर्ची पुढे ओढून मास्तरांच्या अगदी समोर बसला.

"आवाज मोठा होता का फार?" मास्तरांनी विचारलं.

"काकी आत आहेत ना," ज्ञानदीप म्हणाला. सावकाश, एकेक शब्द सुटा करून. नथूच्या मुलाला वळण चांगलं होतं. "आता काय चाललंय ते तुम्ही सांगा. रेडिओवर सांगाल तसं."

मास्तरांनी सुईवर नजर रोखली.

"हा ऑर्गन. चर्चमधला वाटतो, पण वाजवणारा पापी आहे. आता बघ, इथे ड्रमवाला चहा प्यायला जातो तो चार मिनिटं येत नाही. बाकीचे त्याच्याशिवाय बिचकत चालतात, नव्या सुनेसारखे. आणि ही बासरी. पाळी सुटल्यावर गेटाबाहेर पहिली हवा अंगाला लागायची, तशी." सुई काळाशार पट्टा ओलांडून करड्या पट्ट्याशी पोचली आणि मास्तरांनी मांडीवर थाप मारली. "आला बघ. चहा पिऊन आला."

ज्ञानदीपच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. बासरी आहेच तशी, मास्तरांच्या मनात आलं.

बाजू संपली. मास्तरांनी सुई उचलून ठेवली आणि त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"सोमवारपासून या," ज्ञानदीप म्हणाला. "रेकॉर्डी लावायला पोरं आहेत. तुम्ही फक्त असंच सांगायचं."

"आणि तुझे साहेब?"

"साहेबांना मी सांगतो. असा कान इंदुरात दुसरा नाही."

त्याने मास्तरांचा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला, स्वयंपाकघराच्या दिशेने नमस्कार केला आणि गेला.

मास्तर कपाटासमोर उभे राहिले. पुण्याला पत्र टाकायला हवं होतं. जागा नाही, ते बरंच झालं, असं लिहावं का, याचा ते विचार करत होते.

सरोजिनीबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी नेहमीसारखा आधी खांद्याला हात लावला, मग समोर येऊन उभ्या राहिल्या. चेहरा उतरला होता.

"जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "मी सामान बांधायला घेते."

"कशाला? सोमवारपासून बोलावलंय त्याने."

"कधी बोलावलं?" सरोजिनीबाई म्हणाल्या. "त्याने तर रेकॉर्डचा आवाज पार बंद केला, आणि तेव्हापासून गेला तोवर एक अक्षर बोलला नाही. तुम्हीच आपले एकटे बोलत होता."