सोबतीचं माणूस

“आमच्या हिला यातलं काही कळता कामा नये,” मिस्त्री म्हणाले आणि दार नीट लागलंय ना, ते त्यांनी वळून पाहिलं.

बायकोला त्यांनी मुद्दामच पाणी आणायला पिटाळलं होतं.

“मग काकूंना काय सांगणार?” डॉक्टरांनी विचारलं.

“सिगारेटी. त्या सोडून जमाना झाला, पण तिचा राग अजून त्यांच्यावरच आहे. फुप्फुसाचा कॅन्सर म्हणा, सिगारेटीचं पाप म्हणा. चालेल मला.”

“पण तो हा नव्हे, काका.”

डॉक्टरांनी पुन्हा समजावलं. उशी असते आणि उशीचा अभ्रा असतो. सिगारेटीने होतो तो बहुतेक करून उशीच्या कापसात वाढतो. मिस्त्रींचा अभ्र्यात होता, फुप्फुसाभोवतीच्या पातळ आवरणात. म्हणून तर तिथे पाणी साठलं आणि परवा ते सुई घालून काढावं लागलं. या दुसऱ्याला सिगारेट लागत नाही, अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ पुरते. आणि ती घाई करत नाही. माणूस निवृत्त होऊन नातवंडं खेळवायला लागला, की मग डोकं वर काढते.

मिस्त्रींची उभी हयात बॉयलरच्या नळ्यांना अ‍ॅस्बेस्टॉस गुंडाळण्यात गेली होती. संध्याकाळी घरी यायचे ते पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे पांढरेफटक. “आलं भूत!” म्हणत बायको ते कपडे मागल्या दारी खसाखसा झटकायची, मगच भिजवायची. वर्षानुवर्षं.

“धूळ म्हटलं की तिला ते झटकणं आठवणार,” मिस्त्रींचा आवाज खाली आला. “मग उरलेला जन्म स्वतःचा श्वास तपासत बसेल हो. मी काय, आता चाललोच. तिच्या जिवाला कशाला घोर लावू?”

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“तुम्ही दोघं एकमेकांशी बोलता की नाही?”

“ती बोलते. मी ऐकतो.”

डॉक्टर हसले नाहीत. “मी खोटं सांगणार नाही, काका. पण त्यांनी विचारलं नाही, तर आपणहून विषयही काढणार नाही.”

तेवढ्यात बायको आलीच, पाण्याची बाटली पुढे करत. मिस्त्रींनी श्वास रोखला.

तिने काहीच विचारलं नाही. उलट डॉक्टरांनाच ऐकवलं, “ओरडून ओरडून घसा बसला माझा. घरात नुसतं धुराडं होतं. सिगारेटच नडली यांना, दुसरं काही नाही!”

डॉक्टर टेबलाकडे बघत राहिले. मिस्त्रींनी गुन्हेगारासारखी मान खाली घातली आणि मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकला.

बाहेर बाकावर टेकल्यावर त्यांनी हळूच विचारलं, “चिडलीस?”

“चिडून सांगू कुणाला?” तिने त्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं. “पण कामाला नावं ठेवायची नाहीत हं. त्याच कामावर आपली पोरं शिकली.”

“कामाचं कुठे काढलंस मधेच?”

“सहज आपलं. बरं, मी आत जाऊन येते जरा. इथून हलू नका. आणि त्या पहारेकऱ्याशी राजकारण बोलत बसू नका, दम लागतो तुम्हाला.”

मिस्त्री भिंतीला पाठ टेकून बसले. कितीतरी दिवसांनी त्यांना हलकं वाटत होतं. दुखणं आपलं, आपल्यापुरतं. तिच्यापर्यंत त्याची झळ पोचू दिली नाही, एवढं तरी जमलं. डोळा लागतो न लागतो, तोच समोरच्या खोलीचं दार किलकिलं झालं.

“मिस्त्रीकाकूंच्या सोबतीचं माणूस कोण?” सिस्टरने बाहेर डोकावून विचारलं.

“मी त्यांचा नवरा,” ते हसत उठले. “पण तुमचा घोटाळा झालाय, सिस्टर. पेशंट मी आहे. ती माझ्या सोबतीला आलीय.”

“घोटाळा नाही, काका. मागच्या खेपेला छातीतलं पाणी काढायला त्या एकट्याच आल्या होत्या, म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं, यापुढे घरचं कुणीतरी बरोबर आणा.”